जर्मनीत एफएसजे सहा महिने वाढवू का?

बार्शीची_पोर
नमस्कार मंडळी. मी गेल्या सप्टेंबरपासून श्वार्त्सवाल्डमधल्या एका गावात, वृद्धाश्रमात एफएसजे करतेय. माहीत नसलेल्यांसाठी: हे वर्षभराचं स्वयंसेवेचं काम. पगार नाही, टाशनगेल्ड म्हणजे हातखर्च मिळतो. मला खोलीही मिळालीय, आणि विमा आश्रमच भरतो. करार 31 ऑगस्टला संपतो. आता आमच्या मजल्याच्या मुख्य बाई म्हणताहेत, अजून सहा महिने थांब.

मला थांबायचंय. सुरुवातीला इथल्या आज्यांची बोली ओ की ठो कळायची नाही. क्लासमधलं जर्मन वेगळं आणि यांचं वेगळं! ताट ढकलून देणाऱ्या एक आजी आत्ता कुठे माझ्या हातून जेवायला लागल्यात. पण पप्पा फोनवर एकच विचारतात, "बी.एस्सी. करून फुकटात राबायला गेलीस का?" आई काहीच बोलत नाही, म्हणजे तिचंही तेच मत.

पुढे नर्सिंगचं आउसबिल्डुंग, म्हणजे पगारासकटचं व्यावसायिक प्रशिक्षण, करायचंय. जर्मन भाषेची बी1 पातळी झालीय, पुढची बी2 बाकी आहे. वाढवू का? व्हिसाचं काय करायचं?

नेकारकाठची_मावशी
वाढव गं, पण ते सहा महिने कशासाठी हे आधी ठरव. नुसतं "इथे बरं वाटतंय" म्हणून थांबलीस तर फेब्रुवारीत पुन्हा हाच प्रश्न विचारशील.

एफएसजे जास्तीत जास्त 18 महिने करता येतं. त्यापुढे 24 पर्यंत फक्त अपवाद म्हणून, त्याच्या नादी लागू नकोस. मुख्य बाईंनी तोंडी सांगितलं त्याला अर्थ नाही, तुझा करार ट्रेगरशी, म्हणजे एफएसजे चालवणाऱ्या संस्थेशी आहे. त्यांच्याकडून वाढीव तारखेचं सहीचं पत्र घे आणि मगच आउसलेंडरबेहोर्डेकडे, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत जा. अर्ज काहीही करून राहण्याचं परमिट संपायच्या आत गेला पाहिजे. वेळेत गेला की निर्णय येईपर्यंत जुनं परमिट चालू धरतात. त्याचा कागद म्हणजे फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग, तो मागून घे. त्यावर निवास कायद्याच्या कलम 81 चं चौथं उपकलम आहे ना ते बघ. ते असेल तर दिवाळीला बार्शीला जाऊन परत येता येतं. तिसरं असेल तर तिकीट काढू नकोस.

आणि एफएसजेचे सेमिनार वाढतात बरं का. बारा महिन्यांना किमान 25 दिवस, पुढच्या प्रत्येक महिन्याला किमान एक. तो कामाचाच वेळ धरतात, तेव्हा ड्युटी लावली म्हणून सेमिनार बुडवू नकोस.

आता खरी गोम. तुझे 18 महिने फेब्रुवारीअखेर संपणार आणि वसंतातलं आउसबिल्डुंग बहुतेक शाळांत 1 एप्रिलला सुरू होतं. मार्च मोकळा! ना हातखर्च, ना आश्रमाचा विमा, खोलीचाही भरवसा नाही. खोलीचं आश्रमाशी आणि विम्याचं क्रांकनकासेशी (आरोग्य विमा संस्थेशी) आत्ताच लेखी बोलून ठेव. आउसबिल्डुंगचा करार डिसेंबरपर्यंत हातात आला तर परमिटचं कारण बदलायचा अर्ज जानेवारीत करता येईल.

वायफळ_बडबड्या
एवढी डोकेफोड कशाला? एफएसजे संपवायचं आणि बीएफडीला, म्हणजे सरकारच्या तसल्याच दुसऱ्या स्वयंसेवेला, नाव घालायचं. नवीन करार, नवीन वर्ष. माझ्या रूममेटचा मित्र तेच करणार आहे.

नेकारकाठची_मावशी
त्या मित्राला थांबवा. सत्तावीसच्या आत वय असेल तर दोन्ही सेवांचे महिने एकत्र मोजतात. पाटी बदलली म्हणून 18 चे 30 होत नाहीत.

फोर्ट्सहाइमकर
मी जरा कडू बोलतो. टाशनगेल्डची कमाल मर्यादा 2025 मध्ये महिना 644 युरो होती, आणि बऱ्याच ठिकाणी तेवढंही देत नाहीत. आउसबिल्डुंगच्या पहिल्या वर्षाला सरकारी वेतनश्रेणीत तेराशेच्या वर मिळतात. म्हणजे प्रत्येक वाढीव महिना तुम्हाला किती रुपयांना पडतो ते पप्पांना विचारा, ते बरोबर सांगतील. मुख्य बाई चांगल्या असतीलही, पण माणसं कमी आहेत म्हणूनही थांबवतात. एफएसजेवाला कर्मचाऱ्याच्या जागी वापरायचा नाही असा नियम आहे. सकाळच्या पाळीत मजल्यावर तुम्हाला एकटीला सोडतात का? सोडत असतील तर वाढवू नका.

बी2 लवकर झालं तर याच ऑक्टोबरची बॅच बघा. काही शाळांत जागा शेवटपर्यंत रिकाम्या असतात.

बार्शीची_पोर
एकटीला नाही सोडत, सोबत कायम एक फाखक्राफ्ट, म्हणजे प्रशिक्षित कर्मचारी, असते. बी2 ची परीक्षा जुलैत देतेय. पण निकाल, मग शाळा, मग परमिट… ऑक्टोबर गाठणं अवघड वाटतंय. मावशी, बारावीची गुणपत्रिका जर्मनमध्ये भाषांतरित करून आणलीय, तेवढी पुरेल ना?

नेकारकाठची_मावशी
नाही पुरणार! भाषांतर वेगळं, मान्यता वेगळी. आपल्या बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात शालेय प्रमाणपत्रांची मान्यता श्टुटगार्टच्या रेगिरुंग्सप्रेसिडियमकडून (विभागीय सरकारी कार्यालयाकडून) घ्यावी लागते आणि त्याला वेळ लागतो. बी2 च्या निकालाची वाट न बघता या आठवड्यातच अर्ज टाक. दहावी, बारावी, पदवी, तिन्ही जोड. मग ऑक्टोबर हुकला तरी एप्रिल हुकणार नाही. आणि वाढीव करारावर सही करण्याआधी ट्रेगरला विचार, मध्येच ऑक्टोबरची जागा मिळाली तर किती दिवसांच्या नोटिशीवर सोडता येईल. उत्तर ईमेलवरच माग.