'व्हाइट टायगर'मधलं झुंबर: सुटका झाली की नवा पिंजरा?

निवडुंग: अरविंद अडिगांची कादंबरी 'द व्हाइट टायगर' (२००८ चं बुकर पारितोषिक) परत वाचून काढली आणि ह्यावेळी ते झुंबर डोक्यातून जातच नाहीये. बलराम हलवाई, रिक्षावाल्याचा पोरगा, दिल्लीत श्रीमंत मालक अशोकचा ड्रायव्हर, त्यालाच बाटलीने मारून सात लाख घेऊन बंगळूरला पळतो आणि तिथे दीडशे स्क्वेअर फुटाच्या ऑफिसात झुंबराखाली बसून रात्रीची चीनच्या पंतप्रधानांना पत्रं लिहितो. सगळे म्हणतात हे त्याच्या यशाचं प्रतीक, मला नाही पटत. झुंबर ही बड्या घरातली वस्तू, म्हणजे स्वप्नसुद्धा मालकांकडूनच उचललेलं, आणि नवीन नाव घेतलं ते पण अशोक शर्मा! बलराम गरिबांच्या गुलामीला कोंबड्यांचं खुराडं म्हणतो, पण त्या खुराड्यातून सुटला कुठे, नुसता खाटकाच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

दुपार: साफ चूक. अशोकच्या बायकोने, पिंकी मॅडमने, पिऊन गाडी चालवली, रस्त्यावर मूल चिरडलं आणि कबुलीजबाबावर सही घेतली बलरामची. पुढे त्याच्या स्वतःच्या ड्रायव्हरकडून सायकलवरचा मुलगा मेला तेव्हा तो त्या घरी गेला, पैसे दिले, भावाला नोकरी देऊ केली. हा फरक दिसत नाही का तुम्हाला? गरिबाने वर यायचं पण मालकासारखं काही मागायचं नाही, ही अट नेहमी त्याच्यावरच का?

निवडुंग: पैसे दिले हो, पण पोलीस आधीच खिशात होते ना. केस दाबली गेलीच, फक्त दाबणारा हात बदलला.

पानगळ: तुम्ही दोघं झुंबरात अडकलाय, खरं प्रतीक खुराडंच आहे. जुन्या दिल्लीच्या बाजारातल्या कोंबड्या शेजारचीला कापताना बघतात तरी बंड करत नाहीत, आणि बलराम त्याचं कारण सांगतो ते म्हणजे घरचे. नोकराने दगा दिला तर गावात त्याच्या माणसांना मारणार, जाळणार, म्हणून कुणी हलत नाही. म्हणजे कुलूप बाहेरून नाहीच, आजी कुसुम, भाऊ किशन हीच ती कडी. तो हे सगळं माहीत असून निघतो, मग अशा महत्त्वाकांक्षेला नुसती जिद्द कसं म्हणायचं? ते प्रकरण वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं दोन दिवस.

दुपार: आणि त्याचा बाप सरकारी हॉस्पिटलात टीबीने गेला, डॉक्टर फिरकलाच नाही, ते कुणाच्या खात्यात लिहायचं? त्या बापाची एकच इच्छा होती, एका तरी पोराने माणसासारखं जगावं.

पानगळ: ते खरंय, पण किशनचाही तोच बाप होता ना.

दुपार: हो. म्हणूनच स्टेशनवरून तो पुतण्यासाठी परत फिरला, धरमला सोडून जाववलं नाही त्याला. नुसता हावरट असता तर सात लाखांची बॅग घेऊन सरळ गाडीत बसला असता.