सल्ला हवा: थंडीत बेस गिटारची 'ई' (सर्वांत जाड) तार खरखरते, शनिवारी हळद आहे

तळमजला
मंडळी, मी नाशिकरोडचा. चार तारांचा बोल्ट-ऑन (नेक, म्हणजे लांब दांडी, बॉडीला स्क्रूनं जोडलेला) बेस, सहा वर्षं वापरतोय. ब्रँड सांगत नाही, नाहीतर धागा तिकडेच भरकटेल. ऑगस्टमध्ये तारा फार वर आल्या होत्या म्हणून ९०० रुपये देऊन सेटअप (तारांची उंची वगैरे जुळवणी) करून घेतला. त्यानंतर लोण्यासारखा वाजत होता. डिसेंबर सरता सरता ई तारेवर पहिल्या चार पडद्यांना (फ्रेटना) खरखर सुरू झाली. एफ आणि जी हे सूर म्हणजे डब्यात खडे हलवल्यासारखे. बाराव्याच्या पुढे एकदम साफ. तारा ४५-१०५ जाडीच्या, ट्यूनिंग नेहमीचंच. बजेट १५०० रुपये. शनिवारच्या आत काय करता येईल?

जाडतार
विषय संपव, नवीन घे. मी दिवाळीत ४२ हजारांचा पाच तारांचा घेतला, रोस्टेड मेपलचा नेक. अजून एकदाही नेक सरळ करायची की (किल्ली) लावलेली नाही.

तळमजला
दादा, बजेट १५०० आहे. पंधराशे.

ऑरेंजसिटी_बेस
भाऊ, खरखर अँपमधून ऐकू येते का नुसती कानाला? नुसती कानाला असेल तर सोडून दे. आमच्या नागपुरात मे महिन्यात पडद्यांची टोकं नेकच्या कडेला काट्यासारखी बाहेर येतात, हात फिरवला की ओरखडा. तरी वाजवतोच ना. तुमच्या नाशिकची थंडी ती काय थंडी!

तळमजला
अँपमधूनही येते. आणि हो, टोकं थोडी लागतात हाताला.

टॅपेट
मग लाकूड सुकलंय. तुझ्याच पोस्टमध्ये उत्तर आहे, नीट वाच. ऑगस्टमध्ये हवेत ओल होती, तारांच्या ताणानं नेक पुढे झुकला, म्हणून तारा वर गेल्या. दुकानदारानं ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करणारी सळई) आवळला. त्याचं काही चुकलं नाही. आता हवा कोरडी, नेक परत सरळ झाला, पण रॉड ऑगस्टइतकाच आवळलेला. पहिल्या चार-पाच पडद्यांपाशी तारेला झुलायला जागाच उरली नाही.

अंदाजानं की फिरवू नकोस, आधी मोज. तारा सुरात लाव. ई तार पहिल्या पडद्यावर कॅपोनं (तारा दाबून धरणाऱ्या चापानं) दाब, दुसऱ्या हातानं नेक जिथं बॉडीला मिळतो तिथं दाब. आता सातव्या-आठव्या पडद्याचा माथा आणि तार यांच्यात फट किती ते बघ. ०.३ मिलिमीटरच्या आसपास हवी. बाइकच्या मेकॅनिककडे टॅपेट सेट करायचं फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा) असतं, पाच मिनिटं मागून आण. नसेल तर जाडसर व्हिजिटिंग कार्ड साधारण तेवढंच भरतं. कार्ड अडकलं तर रॉड घड्याळाच्या उलट पाव फेरा. पावच. परत सुरात लाव, रात्रभर ठेव, सकाळी परत मोज. खर्च शून्य.

कोकणपट्टी
आमच्याकडे रत्नागिरीला नेमकं उलट होतं. पावसात फ्रेटबोर्ड फुगतो, नेक मागे जातो आणि जूनमध्येच खरखर सुरू. त्यामुळे वरचं सगळं थिअरी आहे.

टॅपेट
थिअरी नाही. प्रत्येक नेकचं लाकूड आपापल्या परीनं हलतं, म्हणूनच 'मोज' म्हणालो. तुझ्या जूनचं इथं काय करू?

कोकणपट्टी
केसमध्ये सिलिका जेल (ओल शोषणाऱ्या पुड्या) ठेवा एवढंच सांगायचं होतं. मी चपलांच्या खोक्यांतल्या पुड्या साठवतो.

टोरोंटोचा_बाळू
सिलिका जेल? त्याचं लाकूड आधीच कोरडं पडलंय राव! आमच्याकडे जानेवारीत घरात हीटर चालतो, आर्द्रता २० टक्क्यांवर येते. मी खोलीत ह्युमिडिफायर लावलाय, ४५-५० वर ठेवतो. तू पण घे, चांगला साधारण १५० डॉलरला मिळतो.

मिरजमळा
गंमत वाटते तुमची. आमच्याकडे तंबोऱ्याची जवारी काढायला कारागीर दिवसदिवस घोडी घासत बसतात, तारेखाली सूत सरकवून नेमकी तीच झणझण आणतात. तुम्हाला फुकट मिळाली तर घालवायला निघालात.

टॅपेट
काका, हळदीत तंबोरा नाही वाजवायचा त्याला.

जाडतार
रॉड फिरवताना तुटतो हं. माझ्या मित्राचा तुटला.

ऑरेंजसिटी_बेस
अडत असताना जोर लावून आवळला असेल, तेव्हा तुटतो. सैल करताना काहून तुटेल? टॅपेट म्हणतात तसंच कर, पाव फेरा सैल.

तळमजला
मोजलं. व्हिजिटिंग कार्ड लांबच राहिलं, साधा झेरॉक्सचा कागद सरकवला तरी तार हलते. म्हणजे ०.१ सुद्धा नाही. पण एक घोळ आहे. हेडस्टॉकवरचं (नेकच्या टोकावरचं) झाकण काढलं, तर ४ ची अ‍ॅलन की आत सैल फिरते आणि ५ ची जात नाही. किल्ला लढवायला गेलो आणि दाराची किल्लीच नाही.

टॅपेट
मग तो नट इंचातला आहे, ३/१६ ची की लागेल. ती ४.७६ मिलिमीटर भरते. ४ ची घालून जोर लावलास तर नटचे कोपरे गोल होतील आणि मग खरोखर दुकान गाठावं लागेल. मोठ्या हार्डवेअरवाल्याकडे इंचातला सेट मिळतो, तुझ्या बजेटमध्ये आरामात.

तळमजला
दोन दुकानं फिरलो, दोन्हीकडे मिलिमीटरचेच सेट. तिसरीकडे 'सोमवारी या'. शेवटी ब्रिजवर (बॉडीवरच्या घोडीवर) ई आणि ए चे सॅडल (तार टेकते ते तुकडे) पाऊण-पाऊण फेरा वर घेतले. त्याला १.५ ची की लागते, ती होती. रॉडला हात लावला नाही.

टॅपेट
अरे, पण त्यानं पहिल्या पडद्यांना काय फरक पडणार? सॅडल १ मिलिमीटर वर घेतलं तर बाराव्यापाशी तार अर्धा मिलिमीटर वर येते, पहिल्यापाशी ०.०६ सुद्धा नाही. वर वाजवताना बोटं दुखतील आणि खाली खरखर तशीच.

तळमजला
थोडी कमी झाली, खोटं सांगत नाही. उरलेली बॅन्जो आणि ऑक्टोपॅडखाली बुडेल. मी पण जरा हलक्या हातानं वाजवीन. बोटं आत्ताच भरून आलीत, ते मात्र खरं.

टोरोंटोचा_बाळू
ह्युमिडिफायर घेतला का?

तळमजला
रविवारचा अपडेट: हळद पार पडली. नवरदेवाचा मामा स्टेजवर चढून नाचला आणि त्याचा पाय पेडलबोर्डवर (बेसचा आवाज ज्यातून जातो त्या पायानं चालवायच्या खटक्यांच्या पाटीवर) पडला, त्यामुळे शेवटची तीन गाणी बेसच नव्हता. कोणाला कळलंही नाही. नाशिकरोड, देवळाली, सिडको, कोणाकडे ३/१६ ची की असेल तर एका दिवसासाठी द्या.

जाडतार
की नाहीये. पण माझा पाच तारांचा विकतोय, ३८ ला देतो. नेकला काहीही झालेलं नाही, घरात जागा नाही म्हणून.