भाचीने म्हातारीचा रोल घ्यावा का? रोहिणी हट्टंगडीबद्दल सांगा

झाडीचा मामा:
माही भाची झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भ) वडसाच्या एका नाटक कंपनीत काम करते. वय पंचविशीच्या आतच, अन् यंदा तिले हिरोच्या आईचा रोल देऊन राह्यले. घरचे म्हणतात एकदा केस पांढरे केले का मंग हिरोईन कोणी करत नाही. एकानं रोहिणी हट्टंगडीचं उदाहरण दिलं, त्यायचं नेमकं कसं झालं कोणी सांगते का?

नाटकवेडा भंडारा:
मामा, त्यांचा पाया नाटकाचाच. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात तिथले संचालक इब्राहिम अल्काझी यांच्या हाताखाली शिकल्या, मग मराठीत 'चांगुणा'सारखी नाटकं केली. १९८२ च्या 'गांधी' सिनेमात तरुणपणापासून म्हातारपणापर्यंतची कस्तुरबा केली तेव्हा स्वतः तिशीच्या आसपास होत्या, त्याला बाफ्टा हा ब्रिटिश सिनेमा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी 'अर्थ'मधली मोलकरीण, दारुड्या नवऱ्याला मारून टाकणारी, आणि १९८४ ला 'सारांश'मध्ये तरुण पोरगा गमावलेली म्हातारी आई. तेव्हा वय ३३! कुठंच मेकअप बोलत नाही, चालणं आणि आवाज बोलतो.

पडद्यामागचा:
हे सगळं खरं हाय, पण घरच्यायची भीती खोटी नाही ना जी. 'अग्निपथ'मध्ये त्या अमिताभची आई झाल्या, अन् अमिताभ त्यायच्याहून आठ वर्षांनी मोठा! हिंदीनं त्यायले आईतच अडकवलं, हे मले अजूनही खटकते. त्या टिकल्या कारण नाटक सोडलं नाही, 'अपराजिता' हे एकपात्री नाटक एकटीनं उभं केलं, मंग 'चार दिवस सासूचे' या मालिकेनं घराघरात पोचल्या. म्हणून भाचीले सांगा, हो म्हणायच्या आधी कंपनीशी बोलून घे, याच सिझनमध्ये दुसऱ्या नाटकात तरुण रोल पाह्यजे म्हणून. दिवाळीनंतर तारखा लागल्या का कोणी ऐकत नाही.

मंडईवाली ताई:
अन् आवाज सांभाळ म्हणा तिले. आपल्याकडं रातभर प्रयोग चालते, मागं बसलेल्याले चेहरा दिसत नाही, म्हातारी दाखवायची म्हणून घसा खरवडून बोलली तर महिनाभरात आवाज बसते. थांबून थांबून बोलाव, श्वास दिसला पाह्यजे. मी तर मंडईले, म्हणजे आपल्या गावच्या जत्रेतल्या नाटकाले, आईच्याच सीनसाठी जागते बाप्पा, बायाबापड्या सगळ्या तिथंच रडतात.

झाडीचा मामा:
लय उपयोग झाला. दुसऱ्या रोलचं उद्याच कंपनीत बोलाले लावतो. 'सारांश' मोबाईलवर दाखवून देतो तिले, तिच्या आईलेबी संग बसवतो.