वाडा उतरवताना जुनी तोफ निघाली. घरी ठेवता येते का? परवाना लागतो का?

वेशीबाहेरचा

सोलापुरातल्या जुन्या पेठेतला वाडा उतरवायचं काम चालू आहे. मागच्या चौकात जोत्याच्या दगडाखाली आडवी पुरलेली ओतीव लोखंडाची तोफ निघाली. लांबी १०५ सेंमी, जाडी सरासरी १८ सेंमी, तोंडाचा व्यास ६ सेंमी. दोन्ही बाजूंचे, गाड्यावर टेकवायचे खुंटे शाबूत, कान (बत्ती द्यायचं भोक) मातीने बुजलेला, गाडा नाही. शिवाय देवघराच्या कोनाड्यात वीतभर लांबीची पितळी तोफ आहे, चाकं फिरणारी. ती पूर्वीपासून तिथेच असते.

प्रश्न असे. शंभर वर्षांपेक्षा जुनी असल्याने परवाना लागत नाही, हे खरं का? एका व्हिडिओत १८९८ च्या आधीचं हत्यार मोकळं असतं असं सांगितलंय. मोठी तोफ सँडब्लास्ट करून, काळा रंग देऊन नव्या इमारतीच्या फाटकाशी बसवायचा विचार आहे. आणि ठेकेदार म्हणतो, भंगार ठरावात आहे, म्हणजे तोफ त्याची.

गड्ड्यावरचा

काही होत नाही हो. भुईकोटात तोफा आहेत, गावोगाव चौकात आहेत, कुणाला परवाना विचारलाय? रंगवा आणि ठेवा. सांगायला गेलात तर पंचनामा, जबाब, वर वाड्याचं काम बंद.

कलमकसाई

वरचा सल्ला घेऊ नका. किल्ल्यावरच्या आणि चौकातल्या तोफा सरकारी ताब्यात असतात आणि शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४५(बी) ने सरकारी ताबा कायद्याच्या बाहेर ठेवलाय. खासगी वाड्याला तो दाखला चालत नाही.

१८९८ हे साल अमेरिकेतलं, तिथल्या १९६८ च्या कायद्यातलं. आपल्या कलम ४५ मध्ये सालच नाही. शंभर वर्षांचा आकडा आपल्याकडे आहे, पण तो १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यात. तिथे वस्तू शंभरी ओलांडली की पुरावस्तू होते, म्हणजे परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा धंदा करायचा तर परवाना लागतो. शस्त्र परवान्यातून सूट त्याने मिळत नाही. लोक हे दोन कायदे एकाच पिशवीत घालतात आणि तिथेच फसतात.

आता मूळ अडचण. शस्त्र कायद्याच्या कलम २ मध्ये 'अग्निशस्त्र' म्हणजे स्फोटकाच्या किंवा अन्य ऊर्जेच्या जोरावर काहीही फेकण्यासाठी बनवलेलं वा बदललेलं हत्यार. तोफ त्यात सरळ बसते. पण त्याच कलमात पुढे 'निषिद्ध शस्त्रां'ची व्याख्या आहे आणि तिच्यात तोफखाना नाव घेऊन घातलाय. निषिद्ध शस्त्राला कलम ७ लागतं, म्हणजे केंद्र सरकारची खास परवानगी. सोलापूर शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी जो नेहमीचा परवाना देतात तो इथे कामाचा नाही. शिक्षेतही फरक पडतो. विनापरवाना साधी बंदूक असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर २ ते ५ वर्षं, निषिद्ध शस्त्र असेल तर ७ ते १४ वर्षं.

मात्र तोफखाना म्हणजे नेमकं काय, किती व्यासापासून पुढे, हे कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही. बुरुजावरची अजस्र तोफ आणि उंटाच्या पाठीवरची छोटी तोफ, म्हणजे जंबुरा, एकाच शब्दात येतात की नाही, यावर दोन वकील दोन मतं देतील.

सुटकेची वाट कलम ४५(सी) मध्ये आहे: कालबाह्य बनावटीचं, किंवा पुराणमूल्य असलेलं, किंवा मोडकळीला आलेलं हत्यार, जे दुरुस्तीने किंवा दुरुस्तीशिवाय अग्निशस्त्र म्हणून वापरता येत नाही.

तुळजापूर_वेस

या वाक्यात 'जे वापरता येत नाही' हे फक्त मोडकळीला आलेल्या हत्याराला जोडलंय, असंही वाचता येतं की. मग पुराणमूल्य एवढंच सूट मिळायला पुरे. तोफ तीनशे वर्षांची निघाली तर प्रश्नच मिटला.

कलमकसाई

वाचता येतं, आणि आरोपीचा वकील तसंच वाचेल. पण आरोपी होण्याआधी तसं वाचू नये. ती अट तिन्हींना लागू धरून चाला.

आणि तोफेच्या बाबतीत ती अट बंदुकीपेक्षा कडक पडते. ठासणीच्या बंदुकीचा चाप, घोडा, दस्ता गेला की ती निकामी म्हणता येते. तोफेत हलणारा भागच नाही. एका बाजूने बंद नळी आणि एक कान, संपलं. मेख मारून कान बंद केला असेल तर मेख पुन्हा काढता येते, आणि कायद्याचे शब्द 'दुरुस्तीने किंवा दुरुस्तीशिवाय' असे आहेत. म्हणजे नुसता गंज किंवा बुजलेला कान पुरेसा नाही. नळीला आरपार भेग, खुंटे तुटलेले, मागचं बूड फुटलेलं, असं काही असेल तर बाजू भक्कम. ते ठरवतो न्यायवैद्यक प्रयोगशाळेतला बॅलिस्टिक तज्ज्ञ. तुमचा इंजिनिअर नव्हे, मीही नव्हे.

म्हणून कुणी ड्रिल मारून निकामी करायला सुचवेल. करू नका. पुराणमूल्य घालवाल आणि सापडलेल्या वस्तूत फेरफार केल्याचा ठपका वर येईल.

होटगी_रोड_फौंड्री

कायद्याचं चालू दे, पण त्याआधी एक गोष्ट. सँडब्लास्ट, ग्राइंडर, गॅस कटर, वेल्डिंग, यातलं काहीही त्या तोफेजवळ नेऊ नका. भरलेल्या अवस्थेत पुरलेल्या तोफा निघतात. २०१३ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये अठराव्या शतकातल्या तोफेचा गंज काढत असताना आत गोळा आणि आठशे ग्रॅमच्या आसपास दारू सापडली. ती तोफ कित्येक दशकं लोकांसमोर होती. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ओली झाली की गप्प बसते, पण सोरा वाहून गेला नसेल तर वाळल्यावर परत पेटते. जोत्याखालच्या कोरड्या पांढऱ्या मातीत पुरलेली असेल तर मी तरी आत काही नाही असं धरणार नाही.

तपासायची रीत अशी. तोफेच्या तोंडासमोर किंवा मागे कुणी उभं राहायचं नाही, बाजूला थांबायचं. बाहेरून तोंडापासून कानापर्यंतचं अंतर टेपने मोजा. मग बांबूची काठी, लोखंडी सळई नाही, हलक्या हाताने आत सोडा. टेकली की तोंडापाशी खूण करून बाहेर काढून मोजा. ठोसायचं नाही, फिरवायचं नाही. कान नळीच्या तळाशी उतरतो, म्हणून दोन्ही मापं दोन-तीन सेंटीमीटरच्या फरकाने जुळायला हवीत. जास्त फरक पडला तर आत काहीतरी आहे.

उचलण्याचंही सांगतो. ओतीव लोखंड घनसेंमीला ७.२ ग्रॅम. तुमच्या मापांनी, नळी ९० सेंमी खोल धरली तर वजन पावणेदोनशे किलोच्या घरात जातं. चार गडी लावून उचलतील, पण हातातून निसटून दगडावर आपटली तर ओतीव लोखंड काचेसारखं तडकतं. चेन पुली लावा, पट्टा खुंट्यांच्या मागेपुढे दोन जागी घाला. नळीच्या तोंडात पहार घालून तर अजिबात उचलू नका.

वेशीबाहेरचा

मोजलं. बाहेरून तोंड ते कान ९१ सेंमी. काठी ६८ ला टेकली. टोकाला काळपट माती लागली.

होटगी_रोड_फौंड्री

२३ सेंमीचा फरक आहे. नुसता चिखलही असू शकतो, कारण आडव्या पुरलेल्या नळीत तोंडाकडून माती शिरते. पण चिखल बहुधा तोंडाकडे जास्त साचतो आणि आत पातळ होत जातो. तुमच्याकडे पुढचे ६८ मोकळे आणि मागचे २३ भरलेले आहेत. दारूची पिशवी, बोळा आणि गोळा एकावर एक असेच बसतात.

काठी परत आत घालू नका. कान टोकरू नका. काम थांबवा, वरून ओलं गोणपाट टाका, ऊन लागू देऊ नका, तोंडाच्या रोखाने कुणाचं घर वा वाट असेल तर तिकडची माणसं हलवा. ११२ ला फोन करून सांगा की जुनी तोफ सापडली आहे आणि भरलेली असल्याचा संशय आहे. बॉम्ब शोधक व नाशक पथक येऊन बघेल. ठेकेदाराला आजच सांगा, ही भंगारात गेली आणि भंगारवाल्याने गॅस लावला तर काय होईल ते.

कलमकसाई

ठेकेदाराचा हक्क नाहीच. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या बांधकामात दडलेली दहा रुपयांवरची कुठलीही वस्तू १८७८ च्या निखात निधी कायद्याखाली, म्हणजे गुप्तधनाच्या कायद्याखाली येते. सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, अंदाजे किंमत, कुठे, कधी. न कळवलं तर सापडणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूची किंमत आणि तिचा पाचवा हिस्सा देऊन ती घेता येते. लोखंडाच्या तोफेच्या बाबतीत हे म्हणजे भंगाराचा भाव आणि वर वीस टक्के. ठेकेदाराने कशाला भांडावं!

तोफ आधीपासून उघड्यावर, दारात खांबासारखी रोवलेली असती तर हा कायदा लागला नसता. इथे ती जोत्याखाली होती, म्हणून लागतो.

दुर्गवेडा_करमाळा

अर्ज कसा करायचा ते लिहितो, कारण बहुतेकांचं इथेच बिघडतं. 'माझ्या ताब्यात तोफ आहे' असं लिहू नका. 'अमुक तारखेला, अमुक वाजता, सिटी सर्व्हे नंबर अमुक या मिळकतीत जुने बांधकाम उतरवताना जमिनीखाली तोफसदृश लोखंडी वस्तू आढळली. वस्तू जागेवरच असून हलवलेली नाही' असं लिहा. आणि खरोखर हलवू नका. मापं द्या, पट्टी ठेवून काढलेले फोटो जोडा, तोंड, कान, खुंटे आणि बूड वेगवेगळे. कुठे अक्षरं किंवा आकडे कोरलेले दिसले तर घासू नका, तिरपा टॉर्च मारून फोटो घ्या.

तीन प्रती: जिल्हाधिकारी, स्थानिक पोलीस ठाणे, आणि राज्य पुरातत्त्व विभागाचे पुण्यातले सहायक संचालक. सोलापूर पुणे विभागात येतं. प्रत्येक ठिकाणी तारखेच्या शिक्क्याची पोच घ्या, ठाण्यात स्टेशन डायरीचा नोंद क्रमांक मागून घ्या. पुढे कुणी 'लपवून ठेवली' म्हणालं तर ही पोचच कामाला येते.

आणखी एक. तोफ परत मिळाली तरी सागवानी गाडा करून बसवायची घाई नको. किल्ल्यांवर संवर्धनवाले गाडे बसवतात ते पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने. शस्त्र कायद्याच्या व्याख्येत तोफ वाहून नेणारा गाडाही अग्निशस्त्रातच मोजलाय. हसू येतं, पण छापलेलं आहे.

रंगाचं म्हणाल तर ऑइल पेंटखाली मातीतले क्षार अडकतात आणि पापुद्रे सुटतात. आधी क्षार काढायचे, ते काम संवर्धकाचं.

माढ्याकडचा

जरा वेगळं विचारतो. जत्रेत पालखीपुढे उखळी उडवतात, तिलाही हे सगळं लागतं का? गोळा नसतो, नुसता आवाज.

कलमकसाई

उखळी काही फेकण्यासाठी बनवलेलीच नसेल तर 'अग्निशस्त्र' म्हणणं अवघड. पण दारूला १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे नियम लागतातच, घरी कुटून भरलेली दारू तर सरळ गुन्हा. मोठ्या जत्रेत शोभेचं दारूकाम परवानाधारकांकडून होतं ते त्यासाठीच. फटाक्याला चार मीटरवर १२५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहा ते सहा आवाज बंद, दवाखाना-शाळेच्या १०० मीटरमध्ये कधीच नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा बंदी आदेश लागू असेल तर मिरवणुकीत आणूच नका.

होटगी_रोड_फौंड्री

आणि जुन्या ओतीव उखळीला गंजाखाली भेग असते ती डोळ्याला दिसत नाही. टांगून लाकडी हातोडीने टिचकी मारा. घणघण वाजली तर ठीक, भद्द आवाज आला तर ती देवळाच्या कोपऱ्यातच राहू द्या. घणघण वाजली म्हणजे उडवायला चांगली, असंही समजू नका.

वेशीबाहेरचा

पथक येऊन गेलं, तोफ पुढच्या तपासणीसाठी त्यांनी ताब्यात घेतली, पोच मिळाली. अर्ज उद्या तिन्ही ठिकाणी देतोय. आता कोनाड्यातली पितळी राहिली.

कलमकसाई

मागच्या बाजूला वरून कान आहे का बघा. नळी बोटभर खोल आणि कान नुसता खळगा असेल, सुई आत नळीपर्यंत जात नसेल, तर ती शोभेची वस्तू आहे, कोनाड्यात राहू दे. सुई आरपार उतरली तर आकार लहान असला तरी ती फेकण्यासाठी बनवलेली नळी ठरू शकते. मग तिचाही फोटो आणि माप त्याच अर्जात, दुसऱ्या क्रमांकावर.

वेशीबाहेरचा

सुई अर्ध्यातच अडते. घाण आहे की भरीव आहे ते कळत नाही.

कलमकसाई

टोकरू नका. अर्जात लिहा.