शब्दचर्चा : जन्मठेप नेमकी किती वर्षांची?

रामबागची सून
मागच्या महिन्यात साताऱ्याहून माझे वडील आले होते. सकाळी पोहे-जिलबी खायला निघालो, तर वाटेत एका भिंतीवर पाटी दिसली, 'आजीवन शिक्षा केंद्र'. दादा रस्त्यातच थांबले. "अगं, भर वस्तीत तुरुंग?" हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे त्यांना समजावता समजावता जिलबी गार झाली. इंदुरात पंधरा वर्षं काढूनही मला स्वतःला त्या शब्दावर अजून ठेच लागते, त्यांची काय कथा.

पण खरी पंचाईत पुढे झाली. माझा मुलगा सहावीत, शाळा हिंदी. त्यानं विचारलं, "आजोबा, मग आजीवन कारावासाला मराठीत काय म्हणतात?" दादा म्हणाले, जन्मठेप. "ढेप? गुळाची?" ते निस्तरलं. मग म्हणे, "जन्मभर आत ठेवतात?" दादा म्हणाले, "छे रे, चौदा वर्षं." त्यावर चिरंजीव: "मग चौदाठेप म्हणा ना."

मला उत्तर सुचलं नाही. तेव्हा विचारते. यातली 'ठेप' म्हणजे काय? शब्द जन्माचा आणि हिशेब चौदाचा, हे कसं? आणि तुम्हाला काय वाटतं, शब्द म्हणतो तसं माणसाला मरेपर्यंत आत ठेवावं का?

जिरावन
चौदाचं कारण माझ्या मामांनी सांगितलंय. जेलमध्ये दिवस वेगळा मोजतात, रात्र वेगळी. शिवाय रामाचा वनवासही चौदाच. बोलो भिया, आणखी काय पुरावा पाहिजे?

वकीलकाकू
जिरावन, तुमच्या मामांना माझा नमस्कार सांगा. दिवस-रात्र वेगळे मोजायचे तर चौदाचे सातच होतील! ही थाप मी इंदूर खंडपीठाबाहेरच्या चहाच्या टपरीवरही ऐकलीय, आणि सांगणारा पक्षकार अगदी शपथेवर सांगत होता. तुरुंगातला दिवस चोवीस तासांचाच असतो.

सूनबाई, कायद्याची बाजू मी सांगते, 'ठेपे'चं पंतोजी बघतील.

१९६१ साली सर्वोच्च न्यायालयात गोपाळ गोडसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य असं प्रकरण निकाली निघालं. गांधीहत्येच्या खटल्यात त्यांना जन्मठेप झाली होती. त्यांचं म्हणणं असं की मिळालेली सूट, म्हणजे शिक्षेतली कपात, धरली तर माझी शिक्षा भरली, आता सोडा. न्यायालयानं सांगितलं, जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. सूट कितीही जमली तरी सरकारनं उरलेली शिक्षा माफ करेपर्यंत सुटकेचा हक्क तयार होत नाही. पुढे १९६४ मध्ये सरकारनं त्यांना सोडलं, ती गोष्ट वेगळी. पण अर्थ तेव्हापासून पक्का आहे. कायद्यात जन्मठेप कधीच चौदाची नव्हती.

मग चौदा आले कुठून? १९७८ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३३-अ हे कलम घातलं. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली, किंवा फाशीचीच जन्मठेप झाली, तर प्रत्यक्ष चौदा वर्षं भोगल्याशिवाय सरकारला या संहितेखाली सोडता येणार नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच ४७५ वं कलम आहे. म्हणजे चौदा ही खालची पायरी. लोकांनी तिलाच छप्पर समजून घर बांधलं. त्यात एक वीसाचाही आकडा आहे, तो आणखी घोळ घालतो. शिक्षेचा अर्धा-पाव भाग काढायची वेळ आली तर जन्मठेप वीस वर्षांएवढी धरायची. उदाहरणार्थ नुसत्या प्रयत्नाला निम्मी शिक्षा, तर वीसाचे निम्मे दहा. फक्त त्या गणितापुरते वीस, एरवी नाही.

पंतोजी
बोलावणं आलं म्हणून आलो. 'येऊन ठेपणे' आपण रोज म्हणतो. परीक्षा येऊन ठेपली, पाहुणे दाराशी येऊन ठेपले. एका टोकाला पोचून टेकणं, असा भाव त्यात आहे. 'ठेप' त्याच कुळातली असावी, म्हणजे जन्म जिथे जाऊन टेकतो तिथवरची कैद. ही माझी जुळणी आहे, कोणी खोडून काढली तर आनंदच.

पण मला 'आजन्म' आणि 'आजीवन' यांत जास्त रस आहे. संस्कृतातला 'आ' दुतोंडी. 'पर्यंत' असाही आणि 'पासून' असाही. आमरण म्हणजे मरणापर्यंत. आजन्म म्हणजे मुळात जन्मापासून. तेव्हा कोणी 'आजन्म कारावास' लिहिलं की मला पाळण्यालाच गज लावलेले दिसतात. जन्मठेपेत हा घोटाळा नाही, म्हणून तो शब्द मला आवडतो. शिक्षा नव्हे, शब्द!

आता 'मरेपर्यंत' म्हणणारे आपले बाकीचे शब्द बघा, ते काय करतात. आमरण उपोषण लिंबाच्या सरबतावर सुटतं. आमच्या वडिलांनी एका वाचनालयाचं आजीवन सभासदत्व घेतलं होतं, पावती अजून कपाटात आहे. पुढे कार्यकारिणीनं ठराव केला की आजीवन म्हणजे पंधरा वर्षं. वडील तेव्हा ठणठणीत होते, आणि आपला जीव संस्थेच्या लेखी कधी गेला असं त्यांनी पत्र टाकून विचारलं होतं. उत्तर आलं नाही. त्या मानानं 'तहहयात' हा शब्द करारी. वंशपरंपरा नाही, तहहयात, म्हणजे तुमच्यापाशी संपलं. आपल्या इकडे होळकरशाहीतल्या जुन्या घरांतून तो अजून ऐकू येतो.

सराफ्यातला
शब्दांचा कीस पुरे. गेलेला माणूस चौदा वर्षांनी परत येतो का? नाही ना? मग मारणारा का यावा? घरच्यांनी न्यायाधीशांच्या तोंडून 'आजीवन' ऐकलेलं असतं, त्यांनी तेच खरं धरलेलं असतं. आणि मग एखाद्या १५ ऑगस्टला हार घालून बाहेर. २०२२ ला गुजरातेत काय झालं ते आठवा. दंगलीतल्या बलात्कार आणि खुनांच्या खटल्यातले ११ जण सोडले. ८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं ती सूट रद्द केली, तेव्हा परत आत गेले. जन्मठेप म्हणजे जन्म. नसेल तर दुसरा शब्द वापरा, निदान फसवू नका.

वकीलकाकू
सराफ्यातले दादा, ती सूट रद्द झाली कारण खटला महाराष्ट्रात चालला होता, आणि सोडायचा अधिकार गुजरात सरकारचा नव्हताच. सूट देणंच चूक, असं न्यायालय म्हणालं नाही. पण तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे.

शब्द किती झिजलाय ते कायद्यातच दिसतं. दंडसंहितेच्या २०१३ च्या दुरुस्तीत बलात्काराच्या काही गुन्ह्यांना 'आजीवन कारावास' लिहून पुढे खुलासा करावा लागला, म्हणजे त्या व्यक्तीचं उरलेलं नैसर्गिक आयुष्य. आमच्या हिंदी प्रतीत 'शेष प्राकृत जीवनकाल'. तिच्या जागी आलेल्या नव्या न्याय संहितेतही तेच आहे. पण तिथेच १०३ व्या कलमात खुनाला नुसताच आजीवन कारावास, खुलासा नाही. एकाच पुस्तकात एक साधा आजीवन आणि एक 'खरोखरचा' आजीवन!

शिवाय तिसरी वाट आहे. २००८ मध्ये स्वामी श्रद्धानंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, फाशी जास्त होते आणि चौदा कमी पडतात तिथे आम्ही मधली शिक्षा ठरवू. मग २५ वर्षं सूट नाही, ३० वर्षं सूट नाही, असे निकाल येऊ लागले. २०१५ मध्ये घटनापीठानं त्यावर शिक्का मारला, पण हा अधिकार उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांनाच ठेवला.

एक गंमत सांगते. सूट देणं याला हिंदी कायद्यात 'परिहार' म्हणतात. वकिली सुरू केली तेव्हा 'दंडादेश का परिहार' वाचून मला गणेशोत्सवानंतरचा श्रमपरिहार आठवायचा. द्रोणात कचोरी आणि श्रीखंड!

जिरावन
सश्रम कारावासाचा श्रमपरिहार. काकू, आज मी हेच सांगत फिरणार.

भजनवाली
मी एरवी वाचूनच जाते. आमचं भजनी मंडळ दोन-तीनदा जेलमध्ये गेलं होतं, गोकुळाष्टमीला. अभंग संपल्यावर एक म्हातारा पेटी उचलू लागायला आला. हात इतके थरथरत होते की पेटी मीच धरली. त्यानं आपलं हिस्ट्री टिकट, म्हणजे कैद्याच्या नोंदींचा कागद, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं होतं, आपणहून दाखवलं. इतरांच्या कागदावर सुटकेची तारीख असते म्हणे, याच्यावर तिथे निळ्या शाईत 'आजीवन'. तो म्हणाला, "माफी जोड के देखो ना दीदी, कितना हुआ." आत कोणी परिहार म्हणत नाही, माफीच म्हणतात. मला काही ती बेरीज जमली नाही. त्यानं काय केलं होतं ते मी विचारलं नाही. सराफ्यातल्या दादांचं पटतं, आणि तो कागदही डोळ्यांपुढून हलत नाही.

सराफ्यातला
त्यानं काय केलं होतं ते विचारायला हवं होतं ताई.

भजनवाली
हो. पुढच्या वेळी तो दिसला नाही.

रामबागची सून
सगळ्यांचं दोनदा वाचलं. माझं मत सांगते, कच्चं असेल. सरसकट सगळ्यांना मरेपर्यंत आत ठेवायला मी तयार नाही. पण न्यायाधीशांनी 'जन्म' म्हणायचं आणि वर्षं पुढे कोणत्या तरी कचेरीतल्या समितीनं ठरवायची, हेही पटत नाही. तीस तर तीस, त्याच दिवशी, सगळ्यांसमोर सांगा. ज्याचा माणूस गेला त्यालाही कळेल, आणि निळ्या शाईवाल्या बाबांनाही बेरीज करावी लागणार नाही.

पंतोजी
मग ती जन्मठेप उरत नाही, तीस वर्षांची कैद होते. शब्दाचा जीव जातो.

रामबागची सून
जाऊ दे पंतोजी, त्याची ठेप भरली असेल. बरं, चिरंजीवांचा एक प्रश्न उरलाय. सावरकरांना दोन जन्मठेपी झाल्या, तर दुसरी कधी भोगायची? आणि मुळात 'जन्मठेपी' असं अनेकवचन होतं का?

पंतोजी
व्याकरणात होतं. खेप-खेपा, झोप-झोपा यांप्रमाणे 'जन्मठेपा' व्हायला हवं, पण 'दोन जन्मठेपी'ही कानाला रुळलंय. बाकी काकूंना विचारा.

वकीलकाकू
सावरकरांच्या वेळी जन्मठेप म्हणजे काळं पाणी, आणि ती २५-२५ वर्षांची धरून ५० झाली. त्यांच्या बिल्ल्यावर सुटकेचं साल १९६० होतं. १९५६ च्या जानेवारीपासून काळं पाणी कायद्यातून गेलं आणि त्या जागी आजीवन कारावास आला. आता दोन झाल्या तर काय, हे २०१६ मध्ये पाच न्यायमूर्तींनी सांगितलंय. माणसाला आयुष्य एकच, त्यामुळे एक संपल्यावर दुसरी सुरू करता येत नाही. त्या एकीवर एक रचल्या जातात. एकीत सूट मिळाली तरी खालची तशीच राहते. तेव्हा चिरंजीवांना सांगा, अनेकवचन आहे. आणि आता मला झोपू द्या, उद्या बोर्डावर पहिलंच प्रकरण माझं आहे.