ताऱ्यांचा पिरॅमिड पहिल्या सत्रात हवाच कशाला?

परभणीकर
परवा इथे एकाने लिहिलं की पाच ओळींचा पिरॅमिड दहा मिनिटांत छापता येत नसेल, तर प्रोग्रामिंगच्या वाटेला जाऊच नये. दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून डिप्लोमाला आलो. पहिल्याच वर्षी सी ही प्रोग्रामिंगची भाषा, आणि तिसऱ्या प्रॅक्टिकलला पॅटर्न, म्हणजे ताऱ्यांच्या (*) आकृत्या छापणं. सरांनी फळ्यावर दोन सूत्रं लिहिली: मोकळ्या जागा एन वजा आय, तारे दोन आय वजा एक (एन म्हणजे एकूण ओळी, आय म्हणजे कितवी ओळ). का, ते आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. जर्नलमध्ये उतरवलं, पाठ केलं. एक्स्टर्नलला, म्हणजे बाहेरच्या परीक्षकापुढच्या प्रॅक्टिकल परीक्षेला, मला उलटा पिरॅमिड आला आणि मी कोरा बसलो. पुढे दोन वर्षं वाटायचं, हे आपल्या डोक्याचं काम नाही. माझ्या शेजारी बसणारा तर कॉलेजच सोडून गेला. आज बारा वर्षं याच कामावर माझं घर चालतंय, आणि एवढ्या वर्षांत एकदाही कुणी तारे छापायला सांगितलेले नाहीत.

लूपमध्ये लूप, म्हणजे एका आवर्तनाच्या पोटात दुसरं आवर्तन, हेच शिकवायचं आहे ना? पाढे छापायला लावा. बाहेरचा २ ते ३०, आतला १ ते १०. उत्तर पोराला आधीच ठाऊक असतं, चुकलं तर त्याचं त्याला कळतं.

खडू_फळा
पाढे मान्य, मीही तिथूनच सुरू करते. पण पाढ्यात आतला लूप दर वेळी दहालाच थांबतो. त्रिकोणात तो आयला थांबतो, आणि सगळी मेख तिथे आहे. पुढे बबल सॉर्टमध्ये, म्हणजे शेजारशेजारचे आकडे ताडून क्रम लावताना, हेच येतं. १० आकडे असतील तर पहिल्या फेरीत ९ तुलना, मग ८, मग ७, एकूण ४५. ज्याने उतरता त्रिकोण ओळीगणिक कागदावर हाताने चालवून पाहिलाय त्याला ते ४५ डोळ्यांना दिसतात. पिरॅमिडमध्ये ओळीगणिक १, ३, ५, ७, ९ तारे, बेरीज २५, म्हणजे पाचाचा वर्ग. हे मला माझ्याच वर्गातल्या एका मुलीने दाखवलं.

सूत्र फळ्यावर आयतं लिहिणारे सर चुकले. त्याचा राग ताऱ्यांवर कशाला? मी आधी चौकटीच्या वहीत आकृती काढायला लावते. शेजारी तक्ता: ओळ, मोकळ्या जागा, तारे. सूत्र पोरांनी शोधायचं. माझी आई १५ ते ८ ठिपक्यांची रांगोळी घालायची. मधली ओळ १५ ची, वर आणि खाली एकेक कमी होत ८ पर्यंत. एकूण १६९ ठिपके, आणि प्रत्येक ओळ अर्धं घर सरकवून सुरू. हे सांगितलं की वर्गातल्या अर्ध्या मुली मान डोलावतात. त्यांच्या हाताला ते आधीच येत असतं.

घाटमाथा
ते वाक्य माझं आहे आणि मी ते मागे घेत नाही. मी मुलाखती घेतो. दहा फ्रेमवर्कची, म्हणजे प्रोग्रामच्या तयार सांगाड्यांची, नावं घडाघडा सांगणारी पोरं येतात, पण नवी ओळ आतल्या लूपच्या आत टाकायची की बाहेर हे त्यांना कळत नाही. सगळे तारे एकाखाली एक पडतात आणि हे पडद्याकडे बघत राहतात. अशांना कामावर घेतल्यावर रात्री जागायचं कुणी? परभणीकर, तुम्हाला वाईट सर भेटले, त्याला इलाज नाही.

परभणीकर
समोर तुम्ही, हातात कोरा कागद आणि दहा मिनिटं! तुम्ही तर्क नाही मोजत, भीती मोजता. आणि पायथन भाषेत तारा गुणिले आय लिहिलं की ओळ तयार, आतला लूप लागतच नाही. एखाद्याने तसं लिहिलं तर पास की नापास?

घाटमाथा
पास. पण मग पोकळ, फक्त कडांवर तारे असलेला, त्रिकोण मागतो. आणि भीतीचं म्हणाल तर ग्राहकाचा फोन येतो तेव्हा तोही दहा मिनिटंच देतो.

निळा_पडदा
कशावर भांडताय? मी २०१६ साली शिकलो, तेव्हाही लॅबमध्ये १९९० च्या दशकातला तो निळ्या पडद्याचा कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत नेणारा) होता. सी प्रोग्रामात लूपचा आय सगळ्यात वर जाहीर करा, नाहीतर एरर. ती अट सी९९ ने, म्हणजे सी भाषेच्या १९९९ च्या आवृत्तीने, काढून टाकलेली! पोरं तर्कात चुकतात की या जुनाट यंत्रात अडकतात, ते आधी बघा.

खडू_फळा
आमच्याकडे तो केव्हाच काढला, आता पायथन. आणि कंटाळा येऊ नये म्हणून ताऱ्यांऐवजी मी स्वतःच्या नावाचा त्रिकोण करायला लावते. पहिल्या ओळीत एक अक्षर, दुसरीत दोन, असं पूर्ण नावापर्यंत.

अर्धविराम
मॅडम, तो त्रिकोण मराठीत करून पाहिलात का? गायत्री. लिहायला तीन अक्षरं: गा, य, त्री. पायथन लांबी सांगतो ७, आणि त्रिकोण असा पडतो:

ग
गा
गाय
गायत
गायत्
गायत्र
गायत्री

काना, हलन्त, वेलांटी प्रत्येकाला युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या खुणांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, वेगळा क्रमांक. सी मध्ये यूटीएफ-८ चे (ते क्रमांक साठवायच्या पद्धतीचे) बाइट मोजलेत तर २१, कारण देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात.

घाटमाथा
पहिल्या सत्राच्या पोरांना युनिकोड? विषय काय, चाललंय काय! नाव रोमन लिपीत लिहा आणि पुढे चला.

अर्धविराम
हेच ऐकत आलोय. "रोमनमध्ये लिहा आणि पुढे चला." मी ज्या पावती-प्रणालीवर काम करायचो तिथे नाव ३२ बाइटला कापलं जायचं. कधी शेवटी तुटका चौकोन यायचा, कधी नेमकी मात्रा गळायची. एक आजोबा पावती घेऊन परत आले. आडनाव काळे, छापलं होतं काळ. "मी अजून जिवंत आहे," एवढंच म्हणाले. लिहिणारा माणूस मराठीच होता हो, पण त्याला कधी कुणी आपलं नाव मोजायला लावलंच नव्हतं.

आणि यंत्रालाच नीट येत नव्हतं. अक्षरगट कुठे तुटतो याच्या युनिकोडच्या नियमांतही त् आणि री वेगळे पडायचे. जोडाक्षर अखंड ठेवायचा नियम २०२३ मध्ये १५.१ आवृत्तीत आला.

परभणीकर
हे मला बारा वर्षांत माहीत नव्हतं. यादीत नाव, पत्ता सगळं मराठीत येतं आमच्याकडे, आणि आम्ही सरळ लांबीवर कापतो. उद्या ऑफिसात आधी तेच बघतो.

घाटमाथा
काळे आजोबांचं वाचलं. ठीक आहे, तो मुद्दा विषयाला फाटा नव्हता. पण मग पहिल्या सत्रात करायचं कसं ते सांगा, नुसता संताप नको.

अर्धविराम
सोपं आहे. पोराने नाव स्वतः फोडायचं आणि यादीत ठेवायचं: गा, य, त्री. लूप त्या यादीवर फिरवायचा. युनिकोडचं नावही घ्यावं लागत नाही. नंतर तोच लूप सरळ नावावर फिरवून दाखवायचा आणि विचारायचं, ओळी सात का झाल्या?

परभणीकर
असा त्रिकोण असेल तर ठेवा. एक्स्टर्नलला मात्र पिरॅमिड नको, यावर मी ठाम आहे.

घाटमाथा
पिरॅमिड मी विचारणारच. कागदाऐवजी मशीन देईन आणि घड्याळ लावणार नाही, इतकंच.

खडू_फळा
सोमवारच्या बॅचला घेतेच. एक शंका, माझ्या वर्गात ज्योत्स्ना आहे. तिने किती भाग करायचे?

अर्धविराम
दोन. ज्यो आणि त्स्ना. पायथन १० म्हणेल.