सोलापूरच्या उन्हातून हायड्रोजन: पाणी आडवे येईल की वीज?

(चौघांची चर्चा; नावांऐवजी त्यांचा भाग किंवा काम दिले आहे.)

होटगी रोड

आपल्या जिल्ह्यात हरित हायड्रोजनचा, म्हणजे सौर किंवा पवन विजेने पाण्यातून काढलेल्या हायड्रोजनचा, कारखाना यावा का, असा विषय निघाला की पहिला आक्षेप पाण्याचा येतो. मी हिशेब मांडून पाहिला आणि माझे मत असे झाले की कारखाना यावा. पाण्याची भीती अवास्तव आहे, खरी परीक्षा विजेची आहे.

एक किलो हायड्रोजनसाठी रसायनशास्त्राप्रमाणे ९ लिटर पाणी लागते. शुद्धीकरणात वाया जाणारे आणि यंत्रे थंड ठेवण्याचे मिळून ३० लिटर धरू. वर्षाला १०,००० टनांच्या कारखान्याला ३० कोटी लिटर लागतील. उसाच्या एका हेक्टरला हंगामात सुमारे २ कोटी लिटर पाणी जाते, म्हणजे हा सगळा कारखाना जेमतेम ३७ एकर उसाचे पाणी पिईल.

आता वीज पाहा. विजेने पाणी फोडणाऱ्या यंत्राला, म्हणजे इलेक्ट्रोलायझरला, किलोमागे साधारण ५२ युनिट लागतात, तेव्हा त्याच कारखान्याला वर्षाला ५२ कोटी युनिट हवीत. एक मेगावॅट सौर प्रकल्प वर्षाला १७ लाखांच्या आसपास युनिट देतो. म्हणजे सुमारे ३०० मेगावॅट आणि किमान १,२०० एकर जमीन. युनिट ३ रुपयांना मिळाले तरी नुसत्या विजेचे किलोमागे १५६ रुपये होतात. आपल्या माळरानावरचे ऊन हीच या धंद्यातली आपली खरी ठेव आहे.

बाळीवेस

आपला गुणाकार बरोबर असेल, पण आमच्या घरी नळाला चार दिवसांआड पाणी येते. पाळीच्या रात्री आई दोन वाजता उठून पिंप, हंडे आणि शेवटी तांब्यासुद्धा भरून ठेवते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी धरण मायनसमध्ये गेले, म्हणजे उपयुक्त साठा संपला, तेव्हा कोणाचे पाणी आधी तुटले हे शहराला ठाऊक आहे. त्यामुळे प्रश्न किती लिटर हा नसून कोणाच्या आधी, हा आहे. उसाची एखादी पाळी लांबवता येते. कोट्यवधींची यंत्रे मांडून बसलेला कारखाना मे महिन्यातही पाणी मागणारच, आणि त्याच्याकडे करारपत्र असेल, आईकडे नाही. देगावच्या केंद्रातून बाहेर पडणारे प्रक्रिया केलेले सांडपाणीच वापरायचे, अशी अट परवानगीत लिहून येईपर्यंत माझा विरोध राहील.

अक्कलकोट रोड एमआयडीसी

माझे छोटे डाइंग आहे. पहाटे ब्रिकेट (भुशाच्या दाबलेल्या विटा) पेटवून वाफ धरावी लागते, तेव्हा कुठे सुताच्या लडी रंगवायचे पाणी नव्वद अंशांवर जाते. उद्या कोणी आमच्या बॉयलरला हायड्रोजन सुचवेल, म्हणून आधीच सांगतो: ५२ युनिट घालून तयार झालेल्या एका किलोत जाळायला सुमारे ३३ युनिटांइतकीच उष्णता असते. तीच वीज थेट बॉयलरला दिली तर जवळजवळ सगळी वाफेत उतरते.

मात्र माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. फताटेवाडीला १,३२० मेगावॅटचे कोळशाचे केंद्र आपल्या डोळ्यांसमोर चालते. कोळशाच्या एका युनिटमागे साधारण ०.९ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तुमची ५२ सौर युनिटे ग्रिडला देऊन तेवढा कोळसा वाचवला, तर सुमारे ४७ किलो वाचतात. त्याच युनिटांचा हायड्रोजन करून नैसर्गिक वायूपासून होणारा हायड्रोजन हटवला, तर फार तर १० किलो. कोळसा जळतो आहे तोवर हा उलटा व्यवहार कशासाठी?

माढ्याचा कोजनवाला

साखर कारखान्यात कोजन, म्हणजे उसाच्या चिपाडावर (बगॅस) वाफ आणि वीज करणारा विभाग, सांभाळतो, म्हणून दोन्ही बाजू जवळून पाहतो. ४७ आणि १० चा हिशेब मला मान्य आहे, पण तो ग्रिड दुपारची प्रत्येक युनिट घेऊ शकेल असे गृहीत धरतो. सौर क्षमता वाढली की भर दुपारी वीज घ्यायला कोणी नसते, आणि त्या वेळचे युनिट कोळसा वाचवत नाही, वायाच जाते. दुसरे असे की वाफेला पर्याय आहे, युरियाला नाही. युरियासाठी अमोनिया आणि अमोनियासाठी हायड्रोजन लागतोच. तिथे तार जोडून भागत नाही.

खर्चाची खरी मेख यंत्र किती तास चालते यात आहे. एका मेगावॅटचा इलेक्ट्रोलायझर सहा कोटींना बसला आणि भांडवलाचा वार्षिक बोजा ११ टक्के धरला, तर वर्षाला ६६ लाख होतात. नुसत्या उन्हावर, म्हणजे २२ टक्के वेळ चालवला तर ३७ टन निघतात आणि किलोवर १७८ रुपये चढतात. ६० टक्के वेळ चालवला तर १०१ टन निघून तोच बोजा ६५ रुपयांवर येतो. गळीत हंगामात बगॅसची वीज रात्री देता येते. शिवाय डिस्टिलरीत आंबवताना निघणारा कार्बन डायऑक्साइड बऱ्यापैकी शुद्ध असतो. त्यात हायड्रोजन मिसळून मिथेनॉल करता येते. हा योग आपल्याच जिल्ह्यात आहे.

२०२५ मध्ये सेकीच्या (केंद्राच्या सौरऊर्जा महामंडळाच्या) पहिल्या हरित अमोनिया लिलावात किलोला ५५.७५ रुपये दर निघाला. अमोनियात वजनाने १७.६ टक्के हायड्रोजन असतो. सगळा खर्च त्याच्यावर टाकला तरी हायड्रोजनच्या किलोला सुमारे ३१७ रुपये पडतात. प्रोत्साहन धरूनचा हा दर असला, तरी केवळ स्वप्नरंजन म्हणून तो झटकता येणार नाही.

होटगी रोड

बाळीवेस, आपला मुद्दा मी मागे घ्यायला लावणार नाही. मीच माझा दुरुस्त करतो. सांडपाण्याची अट पहिल्याच कागदावर हवी.

कोजनवाले साहेब, रात्रीच्या विजेबद्दल मात्र शंका आहे. आपला बगॅस आजही ग्रिडला वीज देतोच. ती काढून हायड्रोजनला लावली तर ग्रिडमधली ती जागा बहुधा कोळसाच भरेल. देशाच्या ग्रिडची सरासरी युनिटमागे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइडच्या आसपास धरली, तर ५२ युनिटांचे ३६ किलो होतात. केंद्राच्या २०२३ च्या व्याख्येत हरित हायड्रोजनला किलोमागे २ किलोंचीच मुभा आहे, तीही वर्षाच्या सरासरीवर. त्यामुळे ६० टक्के तास भरून काढणारी वीज नवी असली पाहिजे: जादा सौर, वारा किंवा साठवण. तिचा दर धरल्यावर आपले ६५ रुपये किती उरतात?

माढ्याचा कोजनवाला

पावसाळ्यात वारा वाहतो, तेव्हा ऊन कमी असते आणि आमचा बॉयलरही बंद असतो. वारा धरून केलेला हिशेब मी मांडतो. त्यात बगॅस धरणार नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसी

मांडाल तेव्हा दुपारी ग्रिडला नको असलेली युनिटे किती, हा आकडा वेगळा दाखवावा. तेवढ्याच युनिटांवर माझा विरोध नाही.